पुरळाचं नाव कसं ठरतं

केसपेपरवर ‘एरिथेमॅटस मॅक्युलोपाप्युलर रॅश’ असं लिहिलं असेल, तर रोगाचं नाव अजून आलेलंच नाही. अंग लालसर आहे, काही ठिपके सपाट आहेत, काही उंच आहेत, एवढंच डॉक्टरांनी नोंदवलंय. गोवर, डेंग्यू, झिका, एखाद्या अँटिबायोटिकची रिॲक्शन, या सगळ्यांत अंगावर साधारण असंच दिसू शकतं. हे शब्द मोबाइलवर शोधून ‘मला अमुक आजार झालाय’ असं ठरवणं म्हणजे पाकिटावरचा पिनकोड वाचून घरमालकाचं नाव सांगण्यासारखं आहे.

त्वचारोगांत नावं दोन प्रकारची असतात: दिसतं त्याचं वर्णन करणारी आणि कारण सांगणारी. आधी वर्णन, त्यावरून गट, मग गटातल्या चार-सहा आजारांतून निदान, असा क्रम असतो. ही पद्धत जुनी आहे. व्हिएन्नात प्लेंक यांनी १७७६ मध्ये आणि लंडनमध्ये रॉबर्ट विलन यांनी १७९८ पासून पुरळांची वर्गवारी केली ती केवळ दिसण्यावरून. विलन यांनी आठ वर्ग केले: उंच पुटकुळ्या, खवले, तापाचं पुरळ, मोठे फोड, पूचे फोड, पाण्याचे बारीक फोड, गाठी आणि डाग. त्या काळी जंतूंची ओळख नव्हती, डोळा आणि बोट एवढीच साधनं होती. आज बायॉप्सी आणि पीसीआर आहेत, तरी तपासणीची पहिली पाच मिनिटं तशीच जातात. आणि ती नीट गेली नाहीत, तर पुढच्या तपासण्यांवर खर्च केलेले पैसेही बऱ्याचदा वाया जातात.

आधी बोट फिरवा

पहिला प्रश्न एकच: डोळे मिटून बोट फिरवलं तर काही हाताला लागतं का?

काहीच लागत नसेल, फक्त रंग बदललेला असेल, तर छोट्या डागाला मॅक्यूल आणि मोठ्याला पॅच म्हणतात. लहान-मोठ्याची सीमा साधारण १ सेंटिमीटर. काही पुस्तकं अर्धा सेंटिमीटर धरतात, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या नोंदीत फरक दिसला तर बिचकू नका. कोड, वांग, शिबं ही या सपाट घरातली मंडळी.

उंचवटा हाताला लागला आणि तो भरीव असेल, तर छोटा तो पाप्यूल. १ सेंटिमीटरहून मोठा, वरून पठारासारखा सपाट असा उंच चट्टा म्हणजे प्लाक. सोरायसिसचा नेहमीचा चट्टा हा प्लाकच. खोलवर, कातडीच्या आत गोळी सापडावी तशी गाठ लागली तर नोड्यूल. फोनवर ‘चट्टा आलाय’ एवढंच सांगितलं की डॉक्टर हमखास ‘उंच की सपाट?’ असं विचारतात, कारण आपण दोन्हींना चट्टाच म्हणतो आणि दोन्हींच्या यादीत आजार पूर्ण वेगळे आहेत.

आत पाणी असेल तर छोटा फोड व्हेसिकल, मोठा बुला. पू असेल तर पस्च्यूल. पू दिसला म्हणजे जंतुसंसर्गच असं मात्र नाही. सोरायसिसच्या एका प्रकारात अंगभर पूचे बारीक फोड येतात आणि त्यांत जंतू नसतात.

गांधी, म्हणजेच व्हील, हे प्रकरण वेगळं. ‘पित्त उठलं’ म्हणतो ते हेच, वैद्यकीय नाव अर्टिकेरिया. कातडीच्या वरच्या थरात पाणी झिरपून सूज येते आणि ती ओसरली की खूण राहत नाही. ओळखायची खात्रीची रीत घरीच करता येते: एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ काढा आणि वेळ लिहून ठेवा. नवीन गांधी दुसरीकडे उठत राहिल्या तरी रेघेतली मूळ गांधी २४ तासांत गेली, तर ते साधं अर्टिकेरिया. ती तिथेच राहिली, खाजेपेक्षा आग जास्त झाली, जाताना निळसर डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तिथे बायॉप्सीचा विचार होतो. उठण्या-जाण्याचा हा खेळ ६ आठवड्यांपेक्षा जास्त चालला की नावापुढे ‘क्रॉनिक’ लागतं. कशाची ॲलर्जी हे शोधण्यासाठी रक्ताच्या महागड्या चाचण्यांची पॅनेल करून घेणारे बरेच असतात, पण क्रॉनिक प्रकारात त्यातून सहसा काही हाती लागत नाही.

आणखी एक घरगुती तपासणी: काचेचा स्वच्छ, पारदर्शक पेला डागावर दाबा. लाली नाहीशी झाली तर रक्त वाहिन्यांतच आहे, त्या फक्त रुंदावल्या आहेत. डाग तसाच दिसत राहिला तर रक्त बाहेर झिरपलंय. टाचणीच्या टोकाएवढ्या अशा ठिपक्यांना पेटेकी, त्याहून मोठ्यांना परप्युरा, त्याहूनही पसरट ते एकायमोसिस. तापात असे न विरणारे ठिपके दिसले तर सकाळपर्यंत थांबू नका. डेंग्यूत प्लेटलेट घसरल्यावर ते दिसतात, मेंदूज्वराच्या एका जिवाणूच्या संसर्गातही दिसतात, आणि दुसऱ्या प्रकारात तास मोजावे लागतात.

बरीच पाठ्यपुस्तकं गोऱ्या कातडीवर बेतलेली आहेत. त्यातली ‘लाल’ खूण आपल्याकडे तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसते. सोरायसिस गुलाबी न दिसता जांभळट दिसतं, आणि बरं झाल्यावर काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. तो डाग म्हणजे आजार शिल्लक आहे असं समजून क्रीम चोळत बसणं ही नेहमीची चूक. उंचवटा, कोंडा, खाज गेली आणि सपाट काळेपणा राहिला, तर त्या जागी आजार शमलाय.

वरचा थर

मूळ खुणेवर नंतर जे साचतं किंवा घडतं त्याला दुय्यम खुणा म्हणतात. कोंडा म्हणजे स्केल. चांदीसारखे थरावर थर सुटत असतील तर सोरायसिस; फक्त कडेला असेल तर बुरशी; नखाने हलकं खरवडल्यावरच पिठासारखा निघत असेल तर शिबं. खपली म्हणजे क्रस्ट: मधाच्या रंगाची, ओलसर खपली लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती दिसली तर इंपेटिगो. सतत खाजवून कातडी जाड होते आणि रेषा ठळक होतात, ते लायकेनिफिकेशन. इसब जुनं आहे हे त्यावरून कळतं. वरचा थर गेला ते इरोजन, खोलवर गेलं ते अल्सर. पहिलं बहुधा व्रण न ठेवता भरतं, दुसरं व्रण ठेवतं.

मांडणी

गोल कडा असली की आपल्याकडे सरसकट ‘गजकर्ण’ म्हणतात. कडेला कोंडा, मधे कातडी मोकळी होत आलेली आणि वर्तुळ रोज थोडं मोठं, तर ते बहुधा खरंच. पण नाण्याच्या आकाराचं इसब मधून मोकळं होत नाही, भरलेलंच राहतं. ग्रॅन्युलोमा ॲन्युलारे या गोल चट्ट्यांच्या, बुरशीशी संबंध नसलेल्या आजारात कडा उंच असते, पण कोंडा अजिबात नसतो. पिटिरायसिस रोझिया पाठीवर-पोटावर एका मोठ्या चट्ट्याने सुरू होतं, आठवड्या-दोन आठवड्यांनी बरगड्यांच्या दिशेने लंबगोल चट्ट्यांची रांग लागते आणि साधारण ६ ते ८ आठवड्यांत सगळं आपोआप जातं. तेवढ्यात कोणी बुरशीची गोळी दिली असेल, तर श्रेय गोळीला मिळतं.

नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसलेला असतो, तो त्याच तंतूच्या पट्ट्यात बाहेर येतो. म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात, आणि बहुधा आधी दोन-तीन दिवस तिथे ठणका. ‘दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो’ या समजुतीला आधार नाही. पुरळ आल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर फायदा सर्वांत जास्त. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा.

पावसाळ्यात नागिणीच्या नावाखाली आणखी एक गोष्ट खपते. पेडेरस नावाचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, केशरी-काळ्या पट्ट्यांचा किडा ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही. मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्यातलं पेडेरिन कातडीवर सांडतं. एक-दोन दिवसांनी चिरडल्या दिशेने भाजल्यासारखा पट्टा उमटतो, मधे बारीक पूचे फोड. कोपराच्या घडीत असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब ठसा. किडा फुंकून उडवा, आणि चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा.

जागा

पुण्यात राहणाऱ्यांनी या भागावर जास्त वेळ द्यावा, कारण इथल्या काही पुरळांचं निदान निम्म्याहून अधिक जागेवरूनच होतं.

रिकाम्या प्लॉटवर, रेल्वे रुळांच्या कडेला, नदीपात्रात दिसणारं पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर. परदेशी धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. त्यातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या पानांच्या भुकटीबरोबर हवेत उडतं आणि ॲलर्जी असलेल्यांच्या उघड्या कातडीवर बसतं. नाव: हवेतून होणारा ॲलर्जिक काँटॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे ॲलर्जीचा पदार्थ कातडीला लागून होणारा दाह. पुरळ पापण्यांवर, कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या घड्यांत, कोपरांच्या आतल्या बाजूला. इथेच उन्हाच्या ॲलर्जीपासून त्याचा फरक करतात: ऊन पापणीच्या घडीत, कानामागे, हनुवटीच्या सावलीत पोचत नाही, धूळ पोचते. वर्षानुवर्षं आजार राहिला की दोन्हींची सरमिसळ होते आणि मग फरक करणं अवघड. शेवंती आणि सूर्यफूल त्याच कुळातली. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्याला सणासुदीत शेवंतीचे हार ओवताना हातावर पुरळ आलं तर नवल नाही.

पुण्यातला स्कार्फ हा नियम बिघडवतो. दुचाकीवर डोळ्यांपुरती फट ठेवून सगळा चेहरा झाकलेला असतो, हातात लांब मोजे. उन्हाचं पुरळ मग पुस्तकाप्रमाणे गालांवर न दिसता उघड्या राहिलेल्या पट्ट्यात दिसतं. शिवाय स्कार्फच्या रंगाचीच ॲलर्जी असली तर पुरळ मानेच्या कडेला, घाम जिरतो तिथे. ‘बाहेर जाताना काय घालता?’ हा प्रश्न त्यासाठीच असतो.

बाकीच्या जागा झरझर. टिकलीच्या डिंकाने कपाळाच्या मधोमध खाज, कधी पांढरा डाग. जीन्सच्या बटणातल्या निकेलने बेंबीखाली खडबडीत चट्टा. चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचं पुरळ पावलाच्या वरच्या बाजूला. हेअर डायने कानाच्या पाळीपासून मानेपर्यंत. बिब्ब्याचा चीक लागून काळसर, फोडांचा डाग, खाली ओघळ गेला असेल तर ओघळाच्याच आकारात. पावसात ओल्या मोज्यांत दिवस काढल्यावर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. सोरायसिस कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला, डोक्यात, कंबरेवर; लहान मुलांचं इसब त्याच सांध्यांच्या आतल्या घडीत.

खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कंबरेला, जननेंद्रियांवर येते आणि खाज रात्री वाढते. पेठांतल्या कॉट बेसिसवर किंवा होस्टेलमध्ये राहणाऱ्यांत एकाला झाली की खोलीतल्या सगळ्यांना धरूनच उपचार करावे लागतात. ५ टक्के पर्मेथ्रिन मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, ८ ते १२ तास ठेवून धुवायचं आणि आठवड्याने परत. एकाच रात्री सगळ्यांनी लावलं नाही, किंवा ‘मला कुठे खाजतंय’ म्हणून एकाने टाळलं, की महिन्याभरात ती परत येते. औषध बरोबर असूनही दोन-तीन आठवडे खाज राहते. त्यासाठी पर्मेथ्रिन रोज चोळू नये.

एक डाग खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच राहून जातो. फिकट पांढरट चट्टा, त्यावर कापसाचा स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही: कुष्ठरोगाचा विचार झालाच पाहिजे. चट्टे ५ पर्यंत असतील तर एक गट, ५ पेक्षा जास्त तर दुसरा. उपचाराची मुदत त्यावरून ठरते आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कोड खडूसारखं पूर्ण पांढरं असतं आणि तिथे संवेदना शाबूत असतात.

काळ

नवीन औषध सुरू केल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांत अंगभर गोवरासारखं पुरळ आलं तर औषधावर संशय. प्रत्येक वेळी तेच औषध घेतल्यावर काही तासांत त्याच जागी, ओठावर किंवा हातावर, गोल काळपट-जांभळा चट्टा उठला तर ती फिक्स्ड ड्रग इरप्शन. वेदनाशामक किंवा जुलाबावरच्या गोळ्यांमागे ती बऱ्याचदा असते. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप-सर्दी-लाल डोळे, मग पुरळ कानामागून आणि केसांच्या रेषेपासून खाली उतरतं. कांजिण्यांत एकाच वेळी ठिपके, पाण्याचे फोड आणि खपल्या असे सगळे टप्पे दिसतात. डेंग्यूत ताप उतरताना अंग लालबुंद होतं आणि त्यात मधेमधे निरोगी कातडीची बेटं राहतात. चिकुनगुन्यानंतर काहींच्या नाकावर काळेपणा येतो.

औषध सुरू केल्यावर ४ दिवस ते ४ आठवड्यांत कातडी खाजण्याऐवजी दुखू लागली, डोळे-तोंड-लघवीची जागा सोलली, काळपट डागांवर फोड आले, तर औषध तिथेच थांबवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. कातडी १० टक्क्यांपेक्षा कमी सुटली तर हे नाव, ३० टक्क्यांहून जास्त सुटली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. मधल्याला दोन्हींची सरमिसळ म्हणतात. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का, हे मोजायचं माप. युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल, फिट्सवरची कार्बामाझेपिन-फेनिटॉइन-लॅमोट्रिजिन आणि सल्फा औषधं यांत आघाडीवर. गांधींसोबत ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर तेही तितकंच तातडीचं.

कोणत्या खणात

हे सगळं जुळवून गट पडतो. उंच आणि कोंड्याचं असेल तर पॅप्युलोस्क्वेमस: सोरायसिस, लायकेन प्लेनस. ओलसर, खाजरं, कडा धूसर असतील तर इसब-डर्मटायटिस. फोडांच्या आजारांचा गट वेगळा: आपली प्रतिकारशक्तीच कातडीचे सांधे सोडवते ते पेम्फिगस आणि वयस्करांत जास्त दिसणारा बुलस पेम्फिगॉइड त्यात येतात. आंतरराष्ट्रीय रोगसूचीची दहावी आवृत्ती त्वचेचे आजार ‘एल’ अक्षराखाली ठेवते: एल २० ते एल ३० डर्मटायटिस, एल ४० ते एल ४५ पॅप्युलोस्क्वेमस, एल ५० अर्टिकेरिया. पण खरूज बी ८६, नागीण बी ०२, कुष्ठरोग ए ३०. जंतू सापडला की आजार बऱ्याचदा कातडीच्या प्रकरणातून उठून संसर्गाच्या प्रकरणात जातो. आणि काहीच ठरलं नसेल तर आर २१, ‘अनिश्चित पुरळ’. विमा कंपनीच्या कागदावर तो दिसला तर निदान राहून गेलंय एवढंच.

ही सारी रचना आपल्याकडे एका गोष्टीने कोसळते: दुकानातून आणलेलं तीन-चार औषधांचं मिश्रण असलेलं क्रीम. त्यात क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. गजकर्णावर लावलं की खाज दोन दिवसांत बसते, कड पुसली जाते, कोंडा जातो. बुरशी मात्र खाली मोकाट पसरते. मग दिसतं ते ना गजकर्ण, ना इसब. त्याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात. जांघेत लावल्यावर कातडी पातळ होऊन पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात, त्या कायमच्या. २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला, तरी चिठ्ठी न मागणारी दुकानं आहेतच. बुरशीची तपासणी साधी असते: चट्ट्याच्या कडेचा (मधला नाही) कोंडा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात आणि मायक्रोस्कोपखाली धागे शोधतात. आधी अँटिफंगल लावलं असेल तर धागे न सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून लावलेल्या ट्यूबचं खोकं बरोबर न्या, नाव आठवत बसू नका.

काँटॅक्ट ॲलर्जीची पॅच टेस्ट पाठीवर करतात. संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या ४८ तास राहतात, पहिलं वाचन त्या वेळी, दुसरं साधारण ९६ तासांना. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या घामात ही टेस्ट करण्यात अर्थ नाही, पट्ट्याच सुटतात. पाठीवर आठवडाभर आधीपासून स्टेरॉइड क्रीम नको, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

अपॉइंटमेंट चार दिवसांनी असेल तर फोटो काढून ठेवा. खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय: एक लांबून, कुठे आहे हे कळेल असा, एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून, एक बाजूने उजेड पडेल असा, कारण समोरच्या उजेडात उंचवटा सपाट दिसतो. ब्यूटी फिल्टर बंद. खाली इतकंच लिहा: ‘उजवी जांघ, ३ आठवडे, २ चट्टे, कड उंच आणि कोंड्याची, मधे मोकळं, घाम आला की खाज, ५ दिवस अमुक ट्यूब लावली.’ गांधी दवाखान्यात पोचेपर्यंत टिकत नाहीत, तेव्हा त्यांच्या फोटोवर वेळही नोंदवा.